आखूड केसांची शेरडं

ओतूर, ता. जुन्नर
शनिवार, २३ जानेवारी १९५४

चिरंजीव सोमास,
थोरल्या बहिणीचा, साळूचा, पोटभर आशीर्वाद.

इथं खाली ‘इकडं समदं खुशाल’ असं लिहायची रीत हाय. ती ओळ आज मी गाळते. पत्र आधी तू एकटा वाच, मग भावजयीला सांग.

तुझं पत्र संक्रांतीच्या आधीच आलं. पहिल्या दिवाळसणाला लेकीला, गजराला, माहेरी घोडेगावला का धाडली न्हाई, असं विचारलंस. उत्तर द्यायला हात धजत नव्हता. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं तर गावभर बोभाटा. तू शाळेला जात व्हतास तवा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मला अक्षरं शिकवलीस. ती ह्या कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

थंडी लई पडलीय. कांदा बरा हाय. ह्यांचा गुडघा धरलाय, पण तोंड काही धरत न्हाई. तुझी म्हैस व्याली का? रेडी झाली की रेडा, ते कळव.

बघ, मी म्हशीवरच घुटमळतेय.

गजराला सून करून आणली त्या दिवशी माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. माहेरचं माणूस घरात आलं, आता म्हातारपण गोड जाईल, असं मी साऱ्या आळीला सांगत फिरले. पण सोमा, तुझ्या घरी म्हशीबिगर जनावर न्हाई अन् माझ्या घरी शेरडाबिगर माणूस न्हाई. एकाच छपराखाली, सोप्यात शेरडं अन् आत आमी. पोर येऊन महिना झाला न्हाई तर शिंका, डोळे लाल, छातीत शिट्टी. मी म्हणाले, नव्या नवरीची थेरं हायत, माहेरची आठवण काढतीय.

छातीच्या दुखण्याला शेरडाचा वास चांगला, हे आपल्यात बापजाद्यापासून चालत आलंय. क्षयाच्या माणसाला शेरडांत निजवत्यात, आपल्या चुलत्याला निजवलेलं तू पण बघितलंस. तसंच मी केलं. तिचं अंथरूण दावणीला घातलं, वर शेळीचं धारोष्ण दूध पाजलं. पोरीनं एका शब्दानं न्हाई म्हणलं न्हाई. आत्या सांगतीय म्हणल्यावर भल्याचंच असंल, असं तिला वाटलं असणार. सकाळी बघते तर ओठ निळे अन् श्वास खांद्यानं ओढतीय. आमच्या पोरानं, जानकूनं, तशीच गाडी जुपली अन् तिला जुन्नरला नेली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं अन् सांगितलं, हिला शेरडाचं वावडं हाय. त्याचे केस, अंगाचा कोंडा, ह्यानं हिचा दम कोंडतो. गोळी देतो ती तेवढ्यापुरती, पण शेरडांपासून लांब ठेवा.

आता आमची अक्कल बघ. ‘लांब ठेवा’ हे कुणाच्या कानातच शिरलं न्हाई. आमी शेरडाची माणसं, आमाला ऐकू आलं ते ‘केस’. हे लगेच म्हणले, मग जात चुकली, दुसऱ्या जातीची आणू. आमची संगमनेरकडची व्हती, अंगावर राठ केस. ती ह्यांनी बेल्ह्याच्या बाजारात विकली अन् उस्मानाबादेकडची काळी आणली, आखूड केसांची, तुळतुळीत. खोटं कशाला बोलू, ह्यांनी ते हौसेनं केलं. सुनेसाठी शेरडं बदलणारा सासरा पंचक्रोशीत दुसरा दाखवा, असं पारावर सांगायचे.

अन् गुण आला की रे! पोरीची शिट्टी थांबली. जात्यावर ओव्या म्हणायला लागली. काळ्या शेरडांतली एक लहान पाठ, न व्यालेली कोवळी शेळी, तिनं लळा लावून ठेवली, तिला आपल्या ताटातली भाकरी चारायची. आमाला वाटलं, जमलं. खरं कारण आमाला उशिरा उमगलं. नवीन जनावर नव्या घरात लगेच रुळत न्हाई म्हणून ती काळी बाहेर मांडवात बांधलेली. पुढं लांडग्यानं पलीकडच्या वस्तीवरचं करडू नेलं, आमी भिऊन शेरडं आत घेतली अन् शिट्टी परत सुरू झाली.

मग जानकूनं मेंढरांची कातर मागून आणली अन् एकूण एक शेरडू भादरलं. गजरानंच शिंगं धरली, पदर नाकाला बांधून. गाव हसलं. पोरं अजून ओरडत्यात, जानकूची बोडकी शेरडं आली. त्याचा पण उपयोग झाला न्हाई.

तेव्हापासून ती शेजारच्या प्रेमचंद वाण्याच्या वखारीत राहते. त्याच्या घरच्या झमकूबाईंनी एक कोपरा दिलाय, देव त्यांचं भलं करो. जानकू दोन वेळा भाकरी घेऊन जातो. पण त्याच्या सदऱ्याला, केसांना शेरडं लागलेली. जवळ बसला की तिचा दम लागतो. म्हणून तो अंगणात उभा राहतो अन् ती दारात. नवरा-बायको असं उभ्यानं बोलत्यात. मी खिडकीतून बघते अन् तोंड फिरवते.

एकदा त्यानं बापाला सांगितलं, शेरडं विकू, मी सडकेच्या कामावर जातो. हे रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघ्याला तेल चोळत म्हणले,

“शेरडं तीन पिढ्यांची हायत. सून आठ महिन्यांची.”

जानकू कोयता घेऊन पाला तोडायला गेला. मला वाटलं व्हतं, पोरगा भांडंल. मी पण भांडले न्हाई, सोमा. चूल फुंकत बसले.

आता जे लिहायचं ते लिहिते. गेल्या आठवड्यात आमी दोघं बेल्ह्याला बाजाराला जातो म्हणून निघालो. बाजाराला गेलो नव्हतो. मुलगी बघायला गेलो व्हतो.

ह्यांनी रांधता येतं का विचारलं न्हाई, चालून दाखव म्हणलं न्हाई. तिला शेरडांच्या वाड्यात बसवायला लावली. मी सासू म्हणून शेजारी बसले अन् तिच्या मांडीवर करडू ठेवलं. पोरगी भोळी. तिला वाटलं लाडानं दिलं. तिनं त्याचं तोंड गालाला लावलं अन् हसली. मी मात्र तिच्या छातीकडं कान लावून बसलेली. शिट्टी न्हाई, शिंक न्हाई. अन् सोमा, मला हायसं वाटलं. आग लागो माझ्या जिवाला, मला खरंच हायसं वाटलं. सुनेसाठी शेरडं शोधत व्हतो, आता शेरडांसाठी सून शोधून आलो.

पौषात असलं काही करायचं नसतं म्हणून थांबलेत. माघ लागला की पंच बसतील अन् काडी मोडतील. तू दोन माणसं घेऊन ये. भांडायला ये, मला चारचौघांत शिव्या घाल, पण ये. पोरीला एकटीला यस्टीत बसवून द्यायची वेळ माझ्यावर आणू नको. अन् पुढं तिचं बघशील तर म्हशीवाल्याचं घर बघ. गोठ्यात आधी बसवून बघ, मग सुपारी फोड. हे शहाणपण मला तिच्या जिवावर आलं.

काल तिला सांगायला वखारीत गेले. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गेले, म्हणजे तिला त्रास नको. ती झमकूबाईंच्या शेंगा निवडत बसली व्हती. तिला आधीच ठाऊक व्हतं. ओतुरात काय झाकून राहतंय?

तिनं एवढंच विचारलं, “आत्या, तिला दम न्हाई ना लागला?”

मी न्हाई म्हणले. ती म्हणाली, बरं झालं. मग परत शेंगा निवडायला लागली. मला वाटलं आता रडंल, मी पदर सावरून बसले. तिनं वर बघितलंच न्हाई.

“मग आता शेरडांचे केस वाढू द्या, आत्या,” म्हणाली. “माझ्यापायी थंडीत कुडकुडत्यात.”

सोमा, खाली सही करताना गजराची आत्या लिहू की सासू, मला दोन्हीची लाज वाटते.

तू शिकवलेल्या अक्षरांत,
साळू