हिंसेच्या प्रश्नावलीला आलेले होकार

२ जुलै
आजपासून रागवायचं नाही. तरुणांमधल्या हिंसेचं सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. प्रश्नावली निनावी आहे, पोरं मन मोकळं करतील. संचालकबाई मला नोकरीत कायम करतील. सगळं जमून आलंय.

४ जुलै
शाळेतला पहिला वर्ग झाला. कुणाला मारलं? नाही. चाकू बाळगला? नाही. सगळे संतच. संचालकबाई म्हणाल्या, असले आकडे आणणार असाल तर प्रकल्प गुंडाळू. घरी येऊन ताट भिरकावलं. भिंतीला लागलं, सौ.ला नाही. म्हणजे संयम वाढतोय.

७ जुलै, दुपार
नवी पद्धत. 'नाही' लिहिणाऱ्याला उभं करून पुन्हा विचारायचं. मागच्या बाकावरचा लंबू माझ्याकडे बघून हसला. एक ठेवून दिली. ओठ फाटला, पण उत्तर लगेच बदललं. दुसऱ्याचं डोकं बाकावर आपटलं. बाकीच्यांनी न विचारताच खाडाखोड केली. पोरांना फक्त विश्वासात घ्यावं लागतं.

८ जुलै
बाईंनी आकडे वाचले. म्हणाल्या, या हिशेबानं अख्ख्या वर्गानं खून केलेत. मग मेलंय कोण? संशयी बाई. त्यांना एक तरी अस्सल होकार हवाय, नाहीतर माझी नोकरी गेली. तरुण माणूस तर घरातच आहे.

९ जुलै
चिरंजीवांना बसवलं. वय सोळा. वर्षभरात कुणावर हात उचललास? म्हणे नाही. सौ. मध्ये पडली, म्हणाली, तो कुणाला बोटसुद्धा लावत नाही हो. पट्टा काढावा लागला. पाठभर वळ उठले, तरी नाहीच. इतका हट्टी. कुणावर गेलाय कळत नाही.

१० जुलै, संध्याकाळ
परत विचारलं. परत नाही. पट्टा उगारला तर सौ. आडवी आली. बक्कल तिच्या कपाळात बसलं. भळाभळा रक्त. चिरंजीवांनी माझं मनगट धरून मागे पिरगाळलं. कटकन आवाज झाला.

११ जुलै
डाव्या हातानं लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये. सौ. त्याला घेऊन माहेरी गेली, कपाळाला टाके घेऊन. वळूनसुद्धा बघितलं नाही. तो मात्र दारात थांबला. म्हणाला, बाबा, आता 'हो' लिहा.
होकार मिळाला. अगदी अस्सल.
शर्टाची बटणं एका हातानं लागेनात. सौ.ला हाक मारली. दोनदा मारली. मग तसाच उघडा बसून राहिलो.