बाच्या शेजारची जागा

पण माय, बाला माझ्या हातात द्यायचं काय काम होतं? सात वर्षं झाली तुला जाऊन, तरी मी ह्याच्यावरच अडून आहे. वाटणी मी दादाला मागितली होती. भांडण भावाभावाचं. तू देव्हाऱ्यापुढं फुलं वाहत बसली होतीस, बसायचं ना तिथंच. तर उठलीस, बा गेल्यावर त्याच्या नावानं केलेला चांदीचा टाक देवांतून उचललास, अन् माझ्या तळहातावर ठेवलास. "घे. वावर अर्धं कराया निघाला न्हवं? मंग सोनाराकडं जाय आन् तुह्या बापाला बी मधून कापून आन. डोस्कं तू घे, पाय थोरल्याला दे." वहिनी चुलीपुढं हसली. दादा बी हसला. मला हसू आलं न्हाई. ह्याला काय न्याय म्हणायचा? पंचांपुढं असं बोलली असतीस तर त्यांनी तुला खाली बसवलं असतं. पुढच्याच आठवड्यात मी इकडं गुजरातेत आलो, फरशीच्या कारखान्यात. लोक समजतात, पोटासाठी आला.

सकाळी तू न्हाऊन ओल्या केसांनी बसायचीस. खंडोबा, देवी, सगळे टाक ताम्हनात घेऊन देवांना मुकाट्यानं आंघोळ घालायचीस. बाची पाळी आली की तोंड सुरू. "जित्तेपनी कवा सांगून आंघोळ केली न्हाई, आता कसे गुमान बसून राहिले बघा." मग घरची सगळी खबर त्याच्या कानावर. गाय फळली, हळद शिजवायला कढई मिळंना, थोरल्याच्या पोरीला ताप हाय, धाकट्याचं शाळंत ध्यान न्हाई. मी, तो धाकटा, गोधडीत पडून ऐकतोय. एकादशी असो, सोमवार असो, आम्ही सगळे जेवल्याशिवाय तू उपासाचं बी खायची नाहीस. कुणी सांगितलं होतं? रागानं उशिरा घरी यावं तर तू उंबऱ्यात, भगर गार झालेली. तुझी भक्ती म्हणजे आमच्या गळ्यातलं दावं होतं, माय. ते तोडून मी पळालो, अन् इथं जेवताना दाराकडं बघत बसतो.

परवा दादाचा फोन आला. पोरीचं लग्न जमलंय, पोरगा सेनगावकडचा हाय. लग्नाआधी घरात गोंधळ घालायचा, अन् त्याच्याही आधी तुझा टाक करून बाच्या शेजारी बसवायचा. इतकी वर्षं राहून गेलं म्हणून भावकी नावं ठेवून राहिली. दादा म्हणला, "सोनार चार हजार म्हणतो. एकच करायचा तं निम्मे तुहे, निम्मे माहे, माय माह्या घरी ऱ्हाईल. आन् तुला येगळं निघायचं असंल तं आताच सांग. तुहा टाक तू येगळा कर, देव बी तुहे येगळे, वावराची मोजणी बी करून टाकू. म्या आडवा येत न्हाई." शांतपणे म्हणला. तेच झोंबलं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं दातओठ खाल्ले, ते त्यानं ताटात भाजी वाढावी तसं पुढं केलं. मी "बघतो" म्हणलं अन् फोन ठेवला.

तवापासून बूड टेकत न्हाई. आज सुट्टी. खोलीत एक जण कपडे पिळतोय, एक मोबाईलवर कुणाशी तरी मोठ्यानं हसतोय. मी लिहितो, उठतो, पाणी पितो, परत बसतो. मघाशी खिडकीजवळच्या फळीवरचं दाढीचं सामान बाजूला सारून बघितलं, तू इथं मावशील का. खालीच ओडिशाचा पोरगा अंडी फोडत होता. म्हणला, "क्या रखना है, भाई?" मी म्हणलं, "माँ को." त्यानं गॅस बंद केला, फडकं आणलं अन् फळी पुसायला लागला. त्याला थांबवायचं मला सुचलं न्हाई.

पण मी भट्टीवर गेलो की तुला आंघोळ कोण घालंल? वहिनीशी तुझं कधी जमलं न्हाई. तरी ती न चुकता घालंल, अन् घालताना चार शब्द ऐकवंल, तू बाला ऐकवायचीस तसे. तुला करमंल तिथं. इथं मी काय बोलणार, मला तर तुझ्याशी नुसतं भांडताच येतं.

वाटणी माझ्या हक्काची हाय, हे मी सोडलेलं न्हाई. दादाला ते तोंडावर सांगीन, फोनवर न्हाई. हा कागद टपालात टाकायचा न्हाई. तुला पोचणार असता तर एवढं लिहायची हिंमतच झाली नसती. एकच खरं सांगतो. तू तिथं बसलीस तर दर्शनाला आलो म्हणून दारात उभं राहता येईल. नुसतं घरी आलो म्हणायची मला लाज वाटते. चारही हजार जवळ हायेत. दादाला पाठवून राहिलो ते निम्मेच, दोन हजार.