राजारामकाकांसाठी गायलेलं

४ मार्च

एस्त्रेयाबाईंनी आजही नकार दिला. वय एक्याण्णव, राहतात हायलंड पार्कला. आयसेलिनच्या आमच्या घरापासून वीस मिनिटं ड्राइव्ह. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंची गाणी त्यांना आईकडून आली. त्यांच्या पाळण्याच्या, न्हाण्याच्या, लग्नाच्या गाण्यांवर मी गिटारसाठी तीन भाग लिहिले. चौथ्याला मरणाचं गाणं हवं. तीस तारखेला कार्यक्रम!

"घरात कोणी मेल्याशिवाय ते गात नाहीत, इजो." मला इजो म्हणतात — म्हणजे बाळा.

११ मार्च

आज त्यांनीच विचारलं, "तुझ्याकडे कोणी गेलं का?"

"काका. राजारामकाका." तोंडातून निघून गेलं.

बाई उठल्या. मला जमिनीवर बसवलं, स्वतः बसल्या — दोन मिनिटं लागली. मग गायल्या. मध्ये तीनदा राजाराम आला. नाव अगदी नीट म्हटलं. रडल्या. रेकॉर्डर चालूच होता.

निघताना उकडलेली अंडी दिली. दुःखात गोल खायचं असतं म्हणे. आज मंगळवार. तरी खाल्ली.

१२ मार्च

चाल उतरवून घेतली. चौथा भाग दुपारच्या आत झाला. इतकं सोपं आजवर काही झालं नव्हतं.

बायकोला, आसावरीला सांगितलं. म्हणाली, "अहो, काकांनी आत्ताच ग्रुपवर शेवग्याच्या शेंगांचा फोटो टाकलाय!"

१३ मार्च

देवापुढे दिवा लावायला गेलो आणि थांबलो. सुतक धरावं का? काका जिवंत. पण मी तर त्यांना मारलं. नाही लावला.

१५ मार्च

बाईंचा फोन. "वाद्याला हात लावत नाहीस ना? महिनाभर लावायचा नाही."

गिटार मांडीवर होती. "नाही," म्हणालो. दुसरं खोटं. शाळेत खोटं बोललो की गुरुजी उन्हात उभं करायचे. इथं अजून बर्फ आहे.

१६ मार्च

काकांना फोन करून सगळं सांगितलं. खूप हसले. "आयुष्य वाढलं की रे माझं! ऐकव बघू."

ऐकवलं. अकराच्या अकरा मिनिटं.

"ओळख ना पाळख, आणि रडली?"

"हो."

"मग जाऊन खरं सांग तिला, गाढवा." आणि — "आधी पुन्हा एकदा लाव."

१८ मार्च

सांगितलं. एस्त्रेयाबाई संत्रं सोलत होत्या. पूर्ण सोलून झाल्यावर बोलल्या.

"जिवंत आहे?"

"ठणठणीत."

"मग मी कोणासाठी गायले?"

मी रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला.

"पुसून टाक."

त्यांच्यासमोर पुसलं. चौथ्या भागाच्या कागदांचं त्यांनी विचारलं नाही. अर्धं संत्रं मला दिलं.

घरी येऊन कागद मीच फाडले. आयोजकांना कळवलं — तीनच भाग. संध्याकाळी दिवा लावला.

२७ मार्च

एस्त्रेयाबाईंच्या मुलीचा फोन. आई पहाटे गेली. ते गाणं घरात कोणालाच येत नाही — तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे ना?

पुसलं, म्हणालो. पण मला येतं.