धुतलेल्या विहिरीचा अहवाल

चि. मंजुश्री हिला किसनदादाचा मनापासून जय भीम.

इकडे सारे खुशाल आहोत. माझे गुडघे सोडले तर घरातलं सगळं नीट वाकतं. तुझी सर्दी गेली का? दिल्लीची हवा मानवत नसेल तर ओवा हुंगत जा. (शास्त्रज्ञ बाईला ओवा सांगतोय, पण तू झबल्यात होतीस तेव्हापासून सांगत आलोय.) फोनच करणार होतो, पण फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर येत नाही.

तू पाठवलेला अहवाल दोनदा वाचला. फवारणीची कोणती औषधं विकू द्यायची आणि कोणती बंद करायची, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे तू तो पुढच्या महिन्यात ठेवणार. त्यात लिहिलंय की, ऐन कपाशीच्या पट्ट्यात असूनही आपल्या वस्तीच्या विहिरीत औषधाचा अंशही सापडला नाही. मंजू, सापडेल कसा? ते पाणी आपल्या विहिरीचं नव्हतंच.

झालं असं. तुझं पथक पाणी तपासायला येणार म्हटल्यावर वस्तीत लग्नघरासारखी धांदल उडाली. भिमामावशी म्हणाली, "पोरगी साहेब होऊन येऊन राह्यली, तिले घाण पाणी काऊन दाखवता रे?" सगळ्यांना पटलं. आम्ही मोटर लावून विहीर उपसली, गाळ काढला, पायऱ्या घासल्या आणि देऊळगाव राजाहून टँकर आणून (तीन खेपा) आत सोडला. तू रबरी मोजे घालून बाटल्या भरत होतीस तेव्हा आम्ही रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुला वाटलं, वस्तीला विज्ञानाची गोडी लागली. आता तुझ्याच कागदाचं बोट धरून कंपनीवाले म्हणतील, बघा, आमचं औषध विहिरीत उतरतच नाही.

रागावू नकोस. ही विहीर आपल्या आज्यानं आणि त्याच्या भावांनी पहारीनं खोदली, कारण गावच्या विहिरीला त्यांचा हात लागलेला चालत नव्हता. त्या पाण्याला घाण म्हणणं आम्हाला जमलं नाही. मला तर अजून जुनीच विहीर दिसते. कमरेला वाळके भोपळे बांधून मी तुला तिथं पोहायला शिकवलं. तू दर बुडीला एक घोट पाणी प्यायचीस, आणि वर आलीस की बेडकाची पिल्लं बरणीत धरून मोजत बसायचीस. फार आठवतात गं ते दिवस. आता काठावर फवारणीचे पंप धुतात, आणि तीन वर्षांत एक बेडूक दिसलेला नाही. बाटल्या भरण्याऐवजी बेडूक मोजले असतेस तर आमची चोरी तिथंच पकडली असतीस.

वंदना, तुझी वहिनी, रोज तुझी आठवण काढते. मला शिव्या द्यायच्या असतील तर वऱ्हाडीत दे, समजायला सोप्या जातात.

तुझा,
किसनदादा

ता. क. वर 'आम्ही' फार वेळा आलंय. टँकर सांगणारा मी एकटाच.

ता. क. २ पाणी पुन्हा घ्यायला ये, पण न कळवता. कळवलंस तर पुन्हा टाळ्या होतील. चूक कुणाची हे अहवालात लिहावं लागलं तर माझं नाव घाल.

ता. क. ३ समितीचं तुझं तू बघशीलच. आमची दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आज वंदनाने तिला प्यायला विहिरीवरून कळशी भरून आणली. मी पाय लागल्याचं सोंग करून ती लवंडवली आणि दोघींची बोलणी खाल्ली. उद्याही लवंडवीन. पण पोरीचे दिवस भरायला अजून दोन महिने आहेत. लवकर ये.