रोज एक ओळ

प्रिय ठमाबाई,

तुझा हा मठ्ठ विद्यार्थी अखेर पास झाला. तीस वर्षं छापखान्यात बसून मी लोकांच्या चुका काढल्या. आता संगणक माझ्या काढतो, आणि त्याही लाल अक्षरांत. करावे तसे भरावे.

तुझ्या आईने मला पाठवलेले सगळे निरोप तू माझ्या फोनमधून काढून, न वाचता, एका फाईलमध्ये घालून दिलेस. ती गेल्यावर ते एकदम वाचवेनात, म्हणून प्रोग्रॅमिंगमधला इटरेटर शिकवलास. अख्खी फाईल अंगावर न टाकता, मागितली की एकच ओळ देणारा. स्वभावाने तुझ्या आईच्या अगदी उलट! पहिल्याच दिवशी मी अतिशहाणपणा केला. आधी त्याला ओळी मोजायला लावल्या, मग वाचायला मागितल्या, तर पडदा कोरा. वाटलं, उरली होती तेवढीही मी पुसून टाकली. तू फोनवर हसलीस. म्हणालीस, बाबा, मोजता मोजता तो शेवटाला पोचला, तो मागे फिरत नाही. फाईल जागेवर आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. किती सहज म्हणालीस गं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर एक ओळ. ‘दूध आणा. पिशवी न्या. डोकं घरी राहिलं तरी चालेल.’ दुसऱ्या दिवशी नुसतंच ‘बरं.’ त्या एका ‘बरं’वर मी अख्खा दिवस काढला. जागा हरवू नये म्हणून वर्षभर संगणक बंद केलेला नाही. तिची खुर्ची त्यालाच देऊन टाकली आहे.

काल ओळ आली, ‘डबा विसरलात. ओट्यावरून दाराकडे बघत बसलाय.’ ती गेली त्या दिवशीची सकाळ. आज मी काही मागितलंच नाही.

कारण पुढे अजून एक ओळ आहे. त्या दुपारी तिचा काही निरोप आला नव्हता, असं मी तुला सांगितलं होतं. खोटं सांगितलं. फोन थरथरला, तिचं नाव दिसलं, आणि कुठल्याशा वेलांटीवरून साहेबांशी हुज्जत चालली होती म्हणून मी तो पालथा घातला. तासाभराने शेजारणीचा फोन आला. मग तो निरोप उघडायची छातीच झाली नाही. ‘लवकर या’ असेल तर? आणि नुसतं डब्याचंच असेल, तर तेही सोसवणार नाही. रविवारी ये. रागवायचं ते समोर बसून रागव. ओळ मी मागेन, वाचायची मात्र तू. मी चष्मा काढून बसेन.

तुझाच, अजून पहिल्या बाकावर बसलेला,
बाबा