टाचेतली सुई

ताई,

तुझ्या यादीबरहुकूम साखर सोडली, मैदा सोडला, बटाट्याकडे बघणंही सोडलं. शुगर उतरली, पण तळपाय अजून बधिरच! मग जिभेचे एवढे हाल कशासाठी केले?

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दुकानात मी जन्मभर शिलाई मशीन अनवाणीच चालवलं. चप्पल घातली की पायडलचा अंदाजच येत नाही. काल पायडलवर रक्त दिसलं. बायकोने माझ्या टाचेतून सुई उपसली आणि रडत विचारलं, "अहो, दुखलं कसं नाही?" मी तिच्यावरच खेकसलो.

हे पत्र पाठवणार नाही. तू आणखी एक पदार्थ बंद करशील. पण खरं सांगू? दुखलं असतं ना, तर आनंदाने मूठभर साखर खाल्ली असती.

सगळं सोडून बसलेला,
तुझा धाकटा