घोडीला मारलेली थाप

आई,
पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

इथल्या तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीची छाती कुंपणाच्या तारेत अडकून वीतभर फाटली. वाचेल असं वाटलं नव्हतं. जखम आतून भरायला हवी, म्हणून डॉक्टरांनी टाके घातले नाहीत. मी रोज दोनदा मिठाच्या पाण्याने धुतो. ती थरथरते, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवते. मी म्हणतो, "झालं, झालं, संपलंच बघ." तेव्हा अर्धी बादली शिल्लक असते!

लहानपणी माझा गुडघा धुताना तूही हेच म्हणायचीस. लबाड कुठली!

घोडी कालपासून चारा खातेय. पण तुझ्या पत्रात "पाठदुखी संपलीच बघ" वाचलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो. अजून किती बादली शिल्लक आहे, खरं लिही.

तुझाच,
धाकटा